पठारावरची मुले आणि उत्तरेचा बर्फ

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की बीदर आणि कलबुर्गीतल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते. सरकारी कचेऱ्या सकाळी आठला उघडतात आणि दुपारी दीडला बंद होतात, कारण त्यापुढे रस्त्यावर माणूस दिसत नाही. कलबुर्गीत पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद, चिंचोळी या तालुक्यांतल्या वाड्यांवर आणि तांड्यांवर तोवर अर्धी घरे रिकामी झालेली असतात. आई-बाप मुंबई, पुणे नाहीतर हैदराबादला बांधकामावर गेलेले असतात आणि परीक्षा संपली की मुलेही त्यांच्या मागे जातात. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीचा उन्हाळा धाकट्या भावंडाला सांभाळण्यात जातो, पोराचा विटा उचलण्यात किंवा शेळ्यांमागे.

याच वयाच्या, अशाच घरांतल्या मुलांचा उन्हाळा वेगळा जाऊ शकतो, हे आपल्या दोन शेजारी राज्यांनी करून दाखवले आहे. दोन्हीकडची मुले उत्तरेला गेली, महिनोन् महिने तयारी करून गेली आणि हिमालयाच्या सर्वांत उंच टोकापर्यंत पोहोचून सुखरूप परतली. त्या दोन मोहिमा आपल्यापासून फार लांबच्या नाहीत. उलट, त्या आपल्याच जुन्या घरातल्या आहेत, आणि म्हणूनच सीमाभागातल्या प्रत्येक पालकाने, शिक्षकाने आणि अधिकाऱ्याने त्या समजून घ्यायला हव्यात.

एका राज्याच्या तीन वाटण्या

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्य तीन दिशांना वाटले गेले. बीदर जिल्ह्याचेच किती तुकडे झाले! उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गेले, जहिराबाद-नारायणखेडचा भाग आंध्रात गेला आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आला. आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा तालुका आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला. निजामाबाद आंध्रात गेले, पुढे तेलंगणात आले.

या वाटण्या डोळ्यांसमोर ठेवून दोन तारखा वाचाव्यात. २५ मे २०१४ रोजी निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा ही बंजारा समाजातली मुलगी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. तेरा वर्षे आणि अकरा महिन्यांच्या या मुलीइतक्या कमी वयात कोणतीही मुलगी तिथे पोहोचली नव्हती. तिच्याबरोबर खम्मम जिल्ह्यातला साधनपल्ली आनंदकुमार होता, सोळा वर्षांचा. दुसरी तारीख १६ मे २०१८. त्या दिवशी चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे विद्यार्थी मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम यांनी तेच शिखर गाठले. देवाडा, बोर्डा, जिवती या आश्रमशाळांची नावे त्या आठवड्यात देशभर वाचली गेली. यातला देवाडा-जिवतीचा डोंगराळ पट्टा म्हणजे जुना राजुरा तालुका, कधीकाळचे निजामाचे राज्य.

हैदराबाद राज्याच्या तीन वाटण्यांपैकी दोन वाटण्यांतली शाळकरी मुले एव्हरेस्टवर पोहोचली. तिसरी वाटणी आपली आहे. तिथून अशी एक तुकडी अजून उत्तरेला जायची आहे.

भोनगीरचा खडक

ही मुले थेट बर्फात नेऊन सोडलेली नव्हती. पूर्णाची गोष्ट एका शाळेपासून सुरू होते. ती ताडवाईच्या समाजकल्याण निवासी शाळेत शिकत होती. आई-वडील शेतमजूर. या निवासी शाळांच्या संस्थेचे सचिव तेव्हा आर. एस. प्रवीणकुमार हे आयपीएस अधिकारी होते. दलित-आदिवासी मुलांना वसतिगृहात नुसते जेवण आणि वह्या देऊन भागत नाही, मोठे काही करून पाहण्याची संधीही द्यावी लागते, या विचाराने त्यांनी मुलांसाठी गिर्यारोहणाचा कार्यक्रम आखला. शंभराहून अधिक मुले निवडून त्यांना हैदराबादच्या पलीकडे जेमतेम पन्नास किलोमीटरवर असलेल्या भोनगीरला नेले. तिथे एव्हरेस्ट चढून आलेले शेखरबाबू बचिनेपल्ली प्रस्तरारोहण शिकवत होते.

भोनगीर म्हणजे एकसंध अंड्याच्या आकाराचा, पाचशे फुटांहून उंच खडक. माथ्यावर किल्ला आहे. हा किल्ला कल्याणीच्या चालुक्यांचा, सहाव्या विक्रमादित्याच्या नावाशी जोडलेला. त्या विक्रमादित्याची राजधानी होती आपले बसवकल्याण. नऊशे वर्षांपूर्वी कल्याणहून राज्य करणाऱ्या राजाच्या किल्ल्याखाली तेलंगणातल्या शेतमजुरांची मुले दोराची गाठ मारायला शिकली. बसवकल्याणच्या मुलांना मात्र हा खडक ठाऊकही नसतो.

भोनगीरच्या शंभरावर मुलांमधून वीस जण दार्जिलिंगला गेले, त्यांच्यातून नऊ जण पुढच्या टप्प्याला आणि शेवटी दोघेच एव्हरेस्टला. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ सालची आहे. तेनसिंग आणि हिलरी यांनी शिखर सर केल्यावर पुढच्याच वर्षी ती उभी राहिली आणि तिथल्या मैदानी प्रशिक्षणाची सूत्रे तेनसिंग यांच्याकडे दिली गेली. त्यानंतर लडाखची थंडी होती. ज्या मुलीने आयुष्यात कधी बर्फ पाहिला नव्हता, तिने आधी बर्फावर चालायला, मग झोपायला, मग पडले तर बर्फात कुऱ्हाड रोवून थांबायला शिकून घेतले.

ती चढली तिबेटच्या बाजूने. सोळा वर्षांखालच्या मुलांना नेपाळ परवानगी देत नाही. शिवाय त्या वर्षी १८ एप्रिलला नेपाळच्या बाजूला खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून सोळा जण मृत्युमुखी पडले होते. ते बहुतेक सगळे शेर्पा होते. परदेशी आणि भारतीय गिर्यारोहकांची ओझी वाहणाऱ्या या माणसांचे ऋण अशा प्रत्येक यशाच्या तळाशी असते आणि ते आपण विसरता कामा नये. पूर्णाने वाटेत जुन्या गिर्यारोहकांचे मृतदेह पाहिले, ती घाबरली आणि तरीही चालत राहिली, हे तिने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. माथ्यावर या दोघांनी तिरंग्यासोबत बाबासाहेबांचे छायाचित्रही नेले होते.

चंद्रपूरच्या मोहिमेचे नाव ‘मिशन शौर्य’. जिल्हाधिकारी आशुतोष सलिल यांच्या कारकिर्दीत, आदिवासी विकास विभागाच्या पाठबळावर ती उभी राहिली. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रशिक्षण सुरू झाले. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख असे टप्पे होत चाळणी लागत गेली आणि शेवटी दहा जण एव्हरेस्टच्या पायथ्याशी पोहोचले. दहापैकी पाच जण शिखरावर गेले. पंतप्रधानांनी २७ मे २०१८ च्या ‘मन की बात’मध्ये या पाचही जणांची नावे घेतली. पुढच्या वर्षी राज्यभरातल्या आश्रमशाळांतून दुसरी तुकडी गेली आणि तिच्यातल्या मुलामुलींनीही माथा गाठला.

वर्तमानपत्रांनी शिखरावर गेलेल्या पाच जणांचे कौतुक केले, ते योग्यच होते. मला मात्र माघारी वळलेल्या पाच जणांबद्दल तितकाच आदर वाटतो. वर्षभर एका ध्येयासाठी घाम गाळायचा आणि ते डोळ्यांसमोर दिसत असताना शरीर साथ देत नाही म्हणून खाली उतरायचे, हा निर्णय सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला पेलायला फार जड असतो. त्यांना कोणी पुढे ढकलले नाही. दहाच्या दहा मुले घरी परतली. शाळकरी मुलांच्या मोहिमेचे यश मोजायचे तर या आकड्याने मोजले पाहिजे.

उंचीवर शरीरात काय होते

आपले पठार समुद्रसपाटीपासून साधारण दीड ते सव्वादोन हजार फुटांवर आहे. इथे जन्मलेल्या शरीराला विरळ हवेची सवय नसते. आठ-नऊ हजार फुटांच्या वर गेले की हवेचा दाब कमी होत जातो आणि प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू घटतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर, ८,८४९ मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशच उरतो. शरीर यावर उपाय करते. श्वास जलद होतो, हृदयाचे ठोके वाढतात, मूत्रपिंडे संप्रेरक सोडून हाडांच्या मगजाला जास्त तांबड्या पेशी बनवायला सांगतात. या बदलांना दिवस लागतात, काहींना आठवडे. म्हणून गिर्यारोहक दिवसा उंच चढतात आणि रात्री खाली येऊन झोपतात. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा साधा नियम आहे.

तो मोडला तर डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही. तेव्हाही वर जात राहिले तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचते आणि जीव जातो. त्यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ताबडतोब खाली उतरणे. तगडा धावपटू असो की शेतात राबणारा मुलगा, उंचीचा त्रास कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून धैर्यवान मुलापेक्षा खरे बोलणारे मूल मोहिमेला जास्त उपयोगी पडते. ‘सर, माझं डोकं दुखतंय’ हे वेळेवर सांगण्याची सवय लावणे, हा प्रशिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. आपल्याकडच्या मुलांना, विशेषतः मुलींना, दुखणे लपवायलाच शिकवलेले असते. हा धडा त्यांना डोंगराखेरीजही आयुष्यभर पुरेल.

याला जोडूनच रक्ताचा प्रश्न येतो. प्राणवायू वाहून नेण्याचे काम हिमोग्लोबिनचे. आपल्या गावांतल्या किशोरवयीन मुलींमध्ये रक्तक्षय किती सर्रास आढळतो, हे कोणत्याही आशाताईला विचारावे. अशा मुलीला हिमालयात न्यायचे तर सहा-आठ महिने आधीपासून तिच्या ताटात डाळ, अंडी, हिरव्या भाज्या, गूळ-शेंगदाणे आणि लोहाच्या गोळ्या नियमित पडल्या पाहिजेत. तिला हिमालयात पोहोचवण्यासाठी जे करायचे, ते तिला निरोगी ठेवण्यासाठी एरवीही करायचेच आहे. मोहिमेने त्याला एक तारीख मिळते आणि कामाला तारीख मिळाली की ते होते.

मुलांना इतक्या वर न्यावे का

हा प्रश्न पूर्णाच्या वेळीही विचारला गेला आणि तो विचारलाच पाहिजे. तेरा वर्षांच्या मुलीची संमती ही खरी संमती असते का? विक्रमाच्या ओढीने मोठी माणसे लहानांचा जीव टांगणीला लावत नाहीत ना? २००३ मध्ये मिंग किपा शेर्पा ही पंधरा वर्षांची मुलगी तिबेटच्या बाजूने चढली. २०१० मध्ये अमेरिकेचा जॉर्डन रोमेरो तेराव्या वर्षी चढला. प्रत्येक वेळी जगभर हाच वाद झाला.

माझे मत स्पष्ट आहे. आपल्या सीमाभागातल्या मुलांना एव्हरेस्टची गरज नाही. आठ हजार मीटरवरचा धोका पंधरा वर्षांच्या मुलासाठी पत्करण्याचा अधिकार कोणालाही नसावा. पण म्हणून त्यांना बर्फच नाकारावा, हे त्याहून चूक आहे. हिमालयात तेरा-चौदा हजार फुटांच्या खिंडी आहेत, जिथे मे-जूनमध्ये शेकडो सामान्य मुले-मुली चालत जातात. कुलू भागात पार्वती नदीकाठच्या कसोलहून निघणारी सर पासची वाट १३,८०० फुटांपर्यंत नेते. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाची शिबिरे तिथे वर्षानुवर्षे भरत आली आहेत. पुण्या-मुंबईची महाविद्यालयीन मुले दर उन्हाळ्यात तिथे जातात. त्यांच्या पाठीशी सह्याद्री असतो, गडकिल्ले असतात, रविवारी ट्रेकला नेणाऱ्या संस्था असतात. आपल्या मुलांच्या पाठीशी यातले काही नाही.

एक तांडा, तीन राज्ये

बंजारा तांडे तिन्ही राज्यांत पसरले आहेत. सीमेच्या अलीकडे बहीण दिलेली असते आणि पलीकडून सून आणलेली असते. एकच भाषा, एकच रीत. पण सरकारी कागदावर हा समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत आहे, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. त्यामुळे कोणती योजना कोणाला मिळेल हे राज्याच्या हद्दीवर ठरते. पूर्णाच्या नात्यातली मुलगी औरादच्या तांड्यावर जन्मली तर तिला तीच वाट मिळत नाही. ती वाट आपल्या राज्यात कोणी आखलेलीच नाही.

आखता येणार नाही असे मात्र नाही. मोरारजी देसाई निवासी शाळा आणि कित्तूर राणी चन्नम्मा निवासी शाळा आपल्याकडे आहेत. पूर्णा ज्या प्रकारच्या शाळेत शिकली, त्याच प्रकारच्या. मुले वर्षभर एका ठिकाणी राहतात, एकत्र जेवतात, एकत्र धावू शकतात. साहसी खेळांसाठी कर्नाटक सरकारची जनरल थिमय्या राष्ट्रीय साहस अकादमी आहे. संविधानाच्या ३७१-जे कलमाने या मागास विभागाला खास दर्जा दिला आणि कलबुर्गीत कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळ बसले आहे. रस्ते आणि इमारतींवर खर्च होतो, तो व्हायलाही हवा. त्यातला अगदी लहानसा वाटा चाळीस-पन्नास मुलांच्या वर्षभराच्या तयारीला पुरेल.

भूगोलही आपल्याला अगदीच पारखा नाही. कलबुर्गी जिल्ह्यात चिंचोळीचे अभयारण्य आहे. २०११ मध्ये घोषित झालेले, सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे, कोरड्या प्रदेशातले रान. तिथे लांडगे, तरस आहेत, चंदन आणि साग आहे, चंद्रमपल्लीचे धरण आहे आणि पावसाळ्यात एत्तीपोत्याचा धबधबा वाहतो. बीदरजवळ होन्निकेरीचे राखीव जंगल आहे. नकाशा वाचणे, होकायंत्राने दिशा काढणे, तंबू ठोकणे, चुलीवर वीस जणांचा स्वयंपाक करणे, कचरा परत आणणे, रानात रात्र काढणे हे सगळे इथे शिकता येईल. खडकासाठी भोनगीर आहे. बर्फ तेवढा उत्तरेत.

आणि आपल्या मुलांजवळ काय आहे, तेही पाहू. तांड्यावरची मुले शाळेसाठी मैलोन् मैल चालतात. डोक्यावर घागर घेऊन चढ चढणाऱ्या मुलीला पाठीवर पिशवी घेऊन चालणे नवे नाही. घरात बंजाऱ्यांची गोरमाटी किंवा मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी, असे तीन-चार भाषांमध्ये सहज वावरणारे मूल दार्जिलिंगच्या किंवा मनालीच्या प्रशिक्षकाशी पहिल्याच दिवशी हिंदीत बोलू लागेल. उन्हाची, तहानेची, कमी सामानात भागवण्याची सवय त्यांच्या अंगात आहे. उणीव आहे ती पायात मावणाऱ्या बुटांची, उबदार कपड्यांची, पोटभर सकस जेवणाची आणि ‘तू जाऊ शकतेस’ असे सांगून तिच्याबरोबर चालणाऱ्या शिक्षकाची.

वाट जुनी आहे

बीदर आणि उत्तर यांचे नाते नवे नाही. शीख परंपरेत १६९९ मध्ये आनंदपूर साहिब येथे गुरू गोविंदसिंगांच्या हाकेला पुढे आलेल्या पाच प्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हे बीदरचे होते. शिवालिकच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या त्या पाचांत आपल्या पठारावरचा एक तरुण होता. आजही नानक झिरा गुरुद्वाऱ्यात पंजाबातून यात्रेकरू येतात. बीदरच्या हवाई दलाच्या तळावर देशभरातले तरुण वैमानिक प्रशिक्षण घेतात आणि त्यांची विमाने आपल्या शेतांवरून घरघरत जातात. कलबुर्गी स्थानकातून कर्नाटक एक्सप्रेस रोज दिल्लीकडे जाते. २०१७ मध्ये बीदरहून कलबुर्गीपर्यंतही रेल्वे झाली. उत्तरेची गाडी दाराशी येऊन थांबते आहे. तिच्यात चढणारे आपले लोक मात्र बहुतेक मजुरीसाठीच चढतात.

पूर्णा एव्हरेस्टवर थांबली नाही. पुढे सातही खंडांतली सर्वोच्च शिखरे गाठत तिने २०२२ मध्ये अलास्कातल्या डेनालीवर हा प्रवास पूर्ण केला. ते दूर उत्तरेचे, अर्धे वर्ष अंधाराकडे झुकलेले रान आहे. पाकाला गावापासून तिथवरच्या प्रवासात तिच्या हिमतीचा वाटा मोठाच. पण ती हिंमत ज्या शाळेने ओळखली, जिने तिला वर्षभर खाऊ घातले, डॉक्टरकडे नेले, दोर हातात दिला आणि सोबत माणूस पाठवला, त्या शाळेचा वाटाही तेवढाच आहे. हिंमत सगळ्या तांड्यांवर जन्मते. तिला ओळखणारी शाळा जन्माला घालावी लागते.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. बीदर आणि कलबुर्गीच्या जिल्हा प्रशासनांनी आपापल्या निवासी शाळांमधून आठवी-नववीच्या पन्नास मुलामुलींची निवड या हिवाळ्यातच करावी. निम्म्या मुली असाव्यात. प्रत्येकाच्या रक्ताची, डोळ्यांची, छातीची तपासणी व्हावी आणि पालकांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या अंगणात बसून सगळे धोके समजावून सांगावेत. हिवाळ्यात चिंचोळीच्या रानात मुक्काम, फेब्रुवारीत भोनगीरचा खडक, आणि मे महिन्यात ज्यांचे शरीर तयार आहे त्यांना घेऊन एक खिंड. बाकीच्यांना पुढच्या वर्षी पहिली संधी. दर वर्षी एक तुकडी गेली तर दहा वर्षांत या दोन जिल्ह्यांत शेकडो तरुण असे असतील, ज्यांना नकाशा वाचता येतो, प्रथमोपचार येतात, आजारी सोबत्यासाठी माघारी वळता येते. त्यांच्यातला एखादा पुढे प्रशिक्षक होईल, एखादी वनरक्षक, एखादी परिचारिका. आणि त्यांच्या मागून येणाऱ्या मुलांना कोणा दुसऱ्या राज्याची उदाहरणे सांगावी लागणार नाहीत.